महालक्ष्म्यांची पावलं आणि तुझी नक्षी

प्रिय चिऊ,

तू विचारलंस, महालक्ष्म्यांना आजी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत एकच पाऊल काढत जाते, तिला कंटाळा येत नाही का? आणि शाळेत सांगितलेली गुहाचित्रांसारखी नक्षी कशी काढायची? दोन्हीचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदमच लिहितो.

यंदा आजीच्या हाताकडे नीट बघ. मूठ वळून करंगळीकडची कड भिजवलेल्या पिठात बुडवते, फरशीवर टेकवते आणि वर बोटानं पाच ठिपके देते. एक पाऊल उजव्या मुठीचं, पुढचं डाव्या मुठीचं. म्हणजे एकच पाऊल नाही ते, जोडी आहे. नुसत्या उजव्या मुठीनं काढलं असतं, तर लक्ष्मी लंगडी घालत घरात आली असती!

आता गुहाचित्रं. मध्य प्रदेशात भोपाळजवळ भीमबेटका नावाच्या दगडी गुहा आहेत. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांनी 1957 मध्ये तिथली चित्रं उजेडात आणली. त्यात हातात हात धरून नाचणाऱ्या माणसांच्या रांगा आहेत. अंग म्हणजे एक-दोन रेघा, बस्स. पण रांगेमुळे नाच दिसतो. काही प्राण्यांची पोटं तर रेघांच्या जाळीनं भरलेली आहेत.

आपला अजिंठा त्या मानानं अगदी अलीकडचा, पण सिल्लोडहून जवळ. दिवाळीत आलो की जाऊ. सगळे भिंतीवरची चित्रं बघतात, तू मान वर कर. 1 नंबरच्या लेण्याचं छत चौकटी आखून फुलाफळांनी भरलंय. 2 नंबरच्या छतावर हंसांची रांग आहे. हंस तेच, पण माना वेगवेगळ्या. हेच ते एकच उत्तर: तेच पुन्हा पुन्हा काढायचं, पण दर वेळी थोडं बदलून, म्हणजे कंटाळाही येत नाही आणि नक्षीही होते. मला तरी भिंतींपेक्षा ती छतंच जास्त आवडतात.

आता तुझं काम. आधी कागदावर दोन आडव्या रेघा मार, मध्ये चार बोटं जागा ठेव. त्यात दोन-दोन बोटांवर खुणा कर. या खुणा चुकवायच्या नाहीत, शेवटी अर्धाच माणूस मावला तर रडशील. प्रत्येक खुणेवर एक माणूस काढ: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर गोल डोकं. एकाचा पाय डावीकडे, पुढच्याचा उजवीकडे. हात एकमेकांत अडकव. छोटूला ठिपके द्यायला बसव, त्याला तेवढंच जमेल.

रंगाला तुळशीवृंदावनाचा उरलेला गेरू घे. बाभळीचा डिंक रात्री भिजत घाल आणि सकाळी त्यात कालव, म्हणजे वाळल्यावर हाताला लागणार नाही. काळ्यासाठी दिव्याची काजळी. पांढऱ्यासाठी खडूची पूड घे, चुन्याला हात लावू नकोस, डोळ्यात गेला तर भाजतो. कुंचला म्हणून कडुलिंबाची काडी टोकाशी चावून घे. कडू लागेल, थुंकून टाक.

कागदावर जमलं की ओसरीच्या भिंतीचं आजीला विचार. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

तुझा बाबा
दोहा