यादी नको, एक वर्ग सांग

सप्रेम जयभीम.

तुझ्या भाषणाचं टिपण वाचलं. जयंतीच्या सभेत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांवर बोलायचं ठरवलंस ते बरं केलंस. दरवर्षी तीच चार भाषणं ऐकून लोक विटलेत. पण तू केलंयस काय, तर हॉवर्ड विद्यापीठाचे नामवंत विद्यार्थी ओळीनं उभे केलेस : कमला हॅरिस, कादंबरीकार टोनी मॉरिसन, वकील थरगूड मार्शल आणि पुढे दीड पान. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक वाक्य. हॅरिस सगळ्यात वर, कारण त्या नावाला टाळ्या हमखास. त्या १९८६ साली तिथून पदवीधर झाल्या, मॉरिसन १९५३ साली. माहितीत चूक काहीच नाही. पण ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काय लागणार? फार तर, मोठी माणसं मोठी असतात एवढंच.

माझं ऐकशील तर बाकीचं विद्यापीठ सोड आणि त्यातलं लॉ कॉलेज तेवढं धर. तू स्वतः वकिलीला बसणार आहेस, तेव्हा ते तुझ्या तोंडी शोभेलही.

हॉवर्ड १८६७ चं, वॉशिंग्टनमधलं. गुलामगिरीवरून पेटलेलं अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. त्याचं लॉ कॉलेज पुढे बरीच वर्षं संध्याकाळचं होतं. दिवसा नोकरी करायची आणि रात्री वर्गात बसायचं. १९३० च्या सुमारास चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या माणसाच्या हाती त्याचा कारभार आला. तो हार्वर्डचा विद्यार्थी. (हॉवर्ड आणि हार्वर्ड, दोन्ही नावं आधी घोकून ठेव. माइकसमोर जीभ घसरते.) त्यानं रात्रीचे वर्ग बंद केले, कॉलेज दिवसाचं केलं, अभ्यासक्रम इतका कडक केला की मुलं पटापट गळायला लागली. पोरांनी त्याला ‘सिमेंटची विजार’ असलं नाव पाडलं होतं. रात्रीचा वर्ग बंद म्हणजे नोकरदार गरीब मुलाचा रस्ता बंद, अशी ओरड झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती. मला स्वतःला तो निर्णय अजून पूर्ण पचलेला नाही. पण ह्यूस्टनचं म्हणणं सरळ होतं : वकील एक तर समाज घडवणारा इंजिनीअर असतो, नाहीतर समाजावर जगणारं बांडगूळ. आणि १९३१ पर्यंत त्यानं कॉलेजला मान्यता मिळवून दिली होती.

मार्शल त्याच्या हाताखाली शिकला. तो बाल्टिमोरचा. गावातच मेरीलँड विद्यापीठाचं लॉ कॉलेज होतं, पण काळ्या मुलांना तिथे प्रवेश नव्हता. म्हणून तो रोज आगगाडीनं वॉशिंग्टनला जायचा. फीसाठी आईनं लग्नातल्या अंगठ्या गहाण टाकल्या. ही गोष्ट तुझ्या टिपणात कुठेच नाही, आणि सभेत पुढे बसलेल्या बायांना तीच आधी कळेल. १९३३ साली तो वर्गात पहिला आला. दुसरा आला ऑलिव्हर हिल. त्याचं नाव तुझ्या यादीत नाही, ते घाल. दोनच वर्षांनी ह्यूस्टन आणि मार्शल या गुरुशिष्यांनी डोनाल्ड मरे नावाच्या मुलाला कोर्टाकरवी त्याच मेरीलँडच्या लॉ कॉलेजात प्रवेश मिळवून दिला. यादीत तू मार्शलपुढे ‘सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती, १९६७’ एवढंच लिहिलंयस. न्यायमूर्ती होण्याआधी त्याच कोर्टात त्यानं ३२ खटले चालवले आणि २९ जिंकले. मला विचारशील तर बोलायचा भाग तो आहे.

आता पॉली मरेकडे ये. (वरचा डोनाल्ड वेगळा.) यादीच्या शेवटी तू तिला ‘धर्मगुरू आणि लेखिका’ म्हणून उरकलंस, याचा मला थोडा रागच आला. ती १९४१ साली हॉवर्डच्या लॉ कॉलेजात आली तेव्हा वर्गात ती एकटीच बाई. बायका वकिली शिकायला कशाला येतात कोण जाणे, असा विनोद पहिल्याच दिवशी एका प्राध्यापकानं भर वर्गात केला. तेव्हाच्या खटल्यांची रीत अशी होती, की ‘वेगळे पण समान’ (काळ्यांना वेगळं ठेवलं तरी चालेल, सोयी समान हव्यात) हे सर्वोच्च न्यायालयाच्या १८९६ च्या निकालातलं तत्त्व धरूनच भांडायचं : तुम्ही म्हणता समान, मग दाखवा कुठे आहे समान. पॉलीनं वर्गात मांडलं की ‘समान’वर कशाला भांडता, ‘वेगळे’ यावरच घाव घाला. पोरं हसली. तिनं स्पॉट्सवुड रॉबिन्सन या आपल्या प्राध्यापकाशी दहा डॉलरची पैज लावली की पंचवीस वर्षांच्या आत तो निकाल उलटेल. तोच मुद्दा तिनं निबंधात लिहून दिला, १९४४ साली वर्गात पहिली आली आणि पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डकडे अर्ज केला. तिथून उत्तर आलं की आम्ही बायकांना घेत नाही. आधी नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठानं रंगावरून नाकारलं होतं, आता हार्वर्डनं बाई म्हणून.

१९५४ साली ब्राऊन खटल्याचा निकाल लागला आणि शाळांमधलं वेगळेपण बेकायदा ठरलं. पैज दहाच वर्षांत जिंकली. त्या खटल्यात मार्शलबरोबर रॉबिन्सन होता, हिल होता, रॉबर्ट कार्टर होता, सगळे हॉवर्डचेच. आणि तयारी करताना रॉबिन्सननं पॉलीचा तो जुना निबंध शोधून काढून वापरला होता, हे खुद्द तिला कितीतरी वर्षांनी कळलं. तुझे वर्गातले निबंध, टिपणं, फसलेले मसुदे फेकत जाऊ नकोस असं मी तुला नेहमी म्हणतो, ते उगाच नव्हे.

ह्यूस्टन मात्र हा निकाल बघायला नव्हता. तो एप्रिल १९५० मध्ये गेला. त्यानंतर दीड महिन्यानं आलेला स्वेट खटल्याचा निकाल तू जरूर वाच; छोटा आहे, एका बैठकीत होतो. टेक्सासनं हेमन स्वेट या कृष्णवर्णीय तरुणाला आपल्या लॉ कॉलेजात घ्यायचं टाळण्यासाठी काळ्यांसाठी निराळं कॉलेज काढलं, तेही आधी एका तळघरातल्या खोल्यांमध्ये. कोर्टानं म्हटलं, पुस्तकं आणि खोल्या मोजता येतात. पण अध्यापकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचं स्थान आणि वजन या गोष्टी मोजता येत नाहीत आणि कॉलेज थोर ठरतं ते त्यांच्यामुळे. म्हणजे माजी विद्यार्थ्यांची यादी हा कोर्टातला मुद्दा होऊ शकतो! गंमत बघ, निकालात वजन मोजलं गेलं ते गोऱ्यांच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचं, आणि तो निकाल खेचून आणला हॉवर्डच्या माजी विद्यार्थ्यानं, मार्शलनं. यादीतली काही नावं तुला ठेवायचीच असतील तर ती इथे आण.

बाबासाहेबांचा संबंध ओढूनताणून जोडू नकोस. खरा धागा आहे तो सांग. १९४६ च्या जुलैत त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं. ड्यू बॉइस हॉवर्डचे नव्हेत, फिस्क या दुसऱ्या कृष्णवर्णीय विद्यापीठाचे, १८८८ चे पदवीधर. अमेरिकेतल्या काळ्यांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज गेला होता, त्याच्या प्रती बाबासाहेबांनी मागवल्या. अस्पृश्यांच्या वतीनंही तसं पाऊल उचलावं असं त्यांच्या मनात होतं. त्याच महिन्यात ड्यू बॉइस यांनी उत्तर लिहिलं. सभेत एवढं पुरे. तिथला वर्णभेद आणि आपली जात एकच, असं वाक्य तू शेवटी टाकलंयस ते काढ. साम्य बाबासाहेबांनाही दिसत होतं, पण म्हणून फरक पुसायचा नसतो. तिथला काळा माणूस चेहऱ्यावरून ओळखला जातो, आपल्याकडे आडनाव विचारतात.

आणखी एक. मोठ्या खटल्याआधी मार्शल आणि मंडळी हॉवर्डमध्ये रंगीत तालीम करायची. प्राध्यापक, विद्यार्थी न्यायाधीश होऊन बसायचे आणि वकिलांना प्रश्नांनी भंडावून सोडायचे. तूही वर्गातल्या दोन-तीन तोंडाळ पोरींना समोर बसव, भाषण म्हणून दाखव आणि वाटेल तिथे अडवायला सांग. त्यांचे प्रश्न लिहून घे आणि नव्या मसुद्याबरोबर मला पाठव. रविवारपर्यंत आलं तर उत्तम, सोमवारी मी दिवसभर कोर्टात असेन.

तुझा,
सर