रायफलची नळी साफ करताना

मॅगझिन काढ, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) मागे घे, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, डोळ्यानं आणि बोटानंही तपास. मग बोल्ट काढूनच ठेव. चाळीस वर्षं झाली तरी मी हे चुकवत नाही, तू तर कालचा!

सळई चेंबरच्या बाजूनं घाल. पुढून घातलीस तर तोंडाची कड झिजते. गोळी शेवटची तिलाच स्पर्शून सुटते, त्यामुळे नेम गेला की उगाच डोळ्यांना दोष देत बसशील.

तुझी पॉइंट टू टू (०.२२ इंच नळीची), साध्या शिशाच्या गोळीची. तिच्यात मेण, काजळी, शिसं साठतं. तांबं विरघळवणारं सॉल्व्हंट मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या रायफलींसाठी; तिथं गोळीवर तांब्याचं आवरण असतं, म्हणून चिंधी निळी निघते. पण ब्राँझचा ब्रशही तशीच निळी करतो, म्हणून नायलॉन वापर. नाहीतर नसलेलं तांबं घासत बसशील. (मी बसलोय.) ब्रश नळीत असताना दिशा बदलू नकोस, आरपार जाऊ दे.

साताऱ्याच्या पावसाळ्यात तेलाचा पातळ हात हवाच, आणि रायफल फोमच्या पेटीत कोंडू नकोस, ओल धरते. रेंजवर जाण्याआधी कोरडी चिंधी फिरव. साफ नळीचे पहिले काही शॉट भरकटतात, ते मोजू नकोस.

आणि हात साबणानं धू, मगच चहा.