थारला दोन इंची लिफ्ट बसवल्यापासून पुढून खटखट येते, शॉकअप बदलूनही जात नाही. नेमकं काय तपासायचं?

तुमच्या प्रश्नातून कळतं ते असं: 2021 ची थार, स्पेसर (मध्ये घालायचा जाड तुकडा) टाकून गाडी दोन इंच उंच करणारी लिफ्ट, किट बसल्यावर थोड्याच दिवसांत सुरू झालेली खटखट. स्पीडब्रेकरवर आणि खराब रस्त्यावर हळू चालवताना ती जास्त येते. गॅरेजवाल्याने पुढचे दोन्ही शॉकअप बदलले आणि फरक शून्य.

शॉकअप समोर दिसतो म्हणून आधी त्याचाच बळी जातो. त्यातून तेल झिरपत नसेल आणि खड्ड्यानंतर गाडी डुलत राहत नसेल, तर लिफ्टनंतर लगेच सुरू झालेल्या आवाजाला शॉकअप जबाबदार असणं विरळाच. बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण निघतं. एकतर कुठलातरी बोल्ट चुकीच्या स्थितीत किंवा कमी टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळलेला असतो, नाहीतर उंची वाढल्यामुळे एखादा पार्ट त्याच्या हालचालीच्या टोकाला जाऊन आपटत असतो. दोन्हीत तसाच नवा पार्ट घालून काही होत नाही. म्हणून आवाज कुठून येतो हे शोधण्याआधी तो नेमका कधी येतो ते पकडा. चॅसीमधून आवाज इतका फिरतो की मागचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो.

सुरुवातीला गाडी रिकामी करा. जॅक, टॉमी, टो-स्ट्रॅप, सीटखालचं सगळं सामान बाहेर काढा. मागच्या दारावरची स्टेपनी हाताने जोरात हलवून बघा. मोठे टायर घातले असतील तर स्टेपनीचं वजनही वाढलंय, आणि दाराची बिजागरं आणि लॉक हुबेहूब सस्पेंशनसारखे वाजतात. स्किड प्लेट, फूटस्टेप, सायलेन्सरवरची हीट शील्ड यांना मुठीने ठोका. यात दहा मिनिटं जातात, पण पुढचे दोन दिवस वाचू शकतात.

आता मुख्य प्रश्न. तुमचा स्पेसर नक्की कुठे बसवलाय? शॉकअपच्या वरच्या माउंटच्या वर, म्हणजे माउंट आणि चॅसी यांच्या मध्ये? की स्प्रिंग आणि तिच्या बैठकीच्या मध्ये? बाहेरून दोन्हींत गाडी सारखीच उंच दिसते, आवाजाचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे.

स्प्रिंगवरचा स्पेसर, किंवा मूळ शॉकअपवर जास्त उंच स्प्रिंग, गाडी उचलते ती शॉकअपची खालची चाल खाऊन. समजा उभ्या गाडीचं चाक आधी अजून 90 मिमी खाली लोंबू शकत होतं. 50 मिमी लिफ्ट केली की उरले 40. स्पीडब्रेकर उतरताना चाक खाली पडतं, शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि आतल्या आत ‘ठक्क’ होतो. यालाच टॉप-आउट म्हणतात. नवा शॉकअप घातला तरी त्याची लांबी तेवढीच, त्यामुळे आवाजही तोच. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय इथेच आहे.

माउंटच्या वरच्या स्पेसरमध्ये शॉकअपची चाल बदलत नाही, अख्खा शॉकअपच खाली सरकतो. त्यामुळे टॉप-आउट नव्याने सुरू होत नाही, पण चाक आधीपेक्षा जास्त खाली लोंबतं. थारला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या (अप्पर) आणि खालच्या (लोअर) अशा दोन आर्मवर धरलेलं. चाक इतकं लोंबलं की अप्पर आर्मचा बॉल जॉइंट आणि चाकाला ताकद देणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा वाकणारा सीव्ही जॉइंट त्यांच्या कोनाच्या टोकाला जातात, आणि अप्पर आर्म स्प्रिंगला टेकू शकतो. टॉर्च घेऊन अप्पर आर्मची आतली कड आणि स्प्रिंगचे वरचे वेढे बघा. रंग उडून धातू चकाकत असेल तर तिथेच आपटतंय. आणि दुसऱ्या टोकाला, जोरात खड्डा बसला तर बंप स्टॉप (चाक फार वर आलं की दबणारं रबर) नीट दबायच्या आधीच शॉकअप आतून तळाला लागू शकतो.

स्पेसरची जाडीही मोजून घ्या. शॉकअपचं खालचं टोक लोअर आर्मच्या मधल्या भागात बसतं, त्यामुळे माउंटवर 25 ते 30 मिमी जाडीचा स्पेसर टाकला की चाकापाशी सुमारे 50 मिमी उंची मिळते. कुणी ‘दोन इंच हवेत ना’ म्हणून 50 मिमी जाडीचाच तुकडा लेथवर करून घातला असेल, तर प्रत्यक्षात लिफ्ट दोन इंचांच्या बरीच पुढे गेली आहे आणि सगळे जॉइंट कायम ताणात आहेत.

टॉप-आउट आहे का हे ठरवायला पार्ट खोलावे लागत नाहीत. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत उभं अंतर मोजा. मग चॅसीखाली जॅक लावून दोन्ही पुढची चाकं लोंबू द्या, स्टँड लावा आणि पुन्हा मोजा. एकच चाक उचललं तर दोन्ही चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार ते धरून ठेवतो आणि माप चुकतं. फरक 50 मिमीच्या आत असेल तर संशय पक्का. दुसरी परीक्षा याहून सोपी: गाडीत चार माणसं बसवा आणि तोच स्पीडब्रेकर त्याच वेगाने, ताशी 5 ते 10 किमीने, ओलांडा. वजनाने गाडी खाली बसते आणि खालची चाल वाढते. आवाज कमी झाला तर टॉप-आउट, वाढला तर बंप स्टॉप किंवा शॉकअप तळाला लागतोय. पुढची चाकं चढताना आवाज येतो की उतरताना, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला सांगायला लावा. आत बसून ते ओळखता येत नाही.

टॉप-आउटवर इलाज म्हणजे लिफ्टच्या मापाचे लांब शॉकअप, किंवा लिफ्ट कमी करणं. अप्पर आर्म टेकत असेल तर बॉल जॉइंटचा कोन बदललेले अप्पर आर्म मिळतात.

आता बोल्टांकडे. लिफ्ट बसवताना गाडी वर टांगलेली असते, चाकं लोंबत असतात, आणि घाईत आर्मचे बोल्ट तिथेच आवळून टाकतात. आर्मच्या सांध्यातल्या रबर बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरली जाते आणि आर्म हलताना रबर पिळलं जातं. लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी जमिनीवर आली की प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. तो आधी करकर करतो, मग फाटतो, मग खटखट सुरू. उपाय फुकट आहे. गाडी पिटवर किंवा रँपवर चारही चाकांवर उभी करा, लोअर आणि अप्पर आर्मचे आणि शॉकअपच्या खालच्या टोकाचे बोल्ट सैल करा, गाडी चारपाच वेळा दाबून हलवा आणि तशीच उभी असताना कंपनीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. टॉर्क रेंचनेच. ‘हाताला अंदाज आहे’ हे वाक्य गॅरेजमध्ये रोज ऐकू येतं आणि लिफ्ट केलेल्या गाड्या त्याच अंदाजाने वाजतात. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या, कारण आर्मचे बोल्ट सैल केले की चाकांचे कोन (कॅम्बर आणि कॅस्टर) हलू शकतात.

शॉकअपच्या खालच्या बोल्टवर जरा थांबा. बोल्टाच्या डोक्याभोवती तांबूस तपकिरी पावडर दिसली तर तो गंज साधा समजू नका. दोन धातू एकमेकांवर बारीक घासले की अशी भुकटी पडते, म्हणजे बोल्ट भोकात हलतोय. तो काढून बघा: मधल्या भागात पायरी पडली असेल तर बोल्ट बदला, आणि ब्रॅकेटचं भोक लांबट झालं असेल तर नुसतं आवळून भागणार नाही. स्पेसरच्या वरच्या नटांचंही असंच. स्पेसरवर जाड पावडर कोटिंग असेल तर ते काही दिवसांत दबतं आणि नट आपोआप सैल होतात. किट बसल्यावर 100 किमीला एकदा आणि 500 किमीला पुन्हा सगळे नट तपासायचे असतात, ते झालंय का विचारा. आवळल्यावर नट आणि ब्रॅकेटवर मिळून पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की रेंच न लावताच कळतं.

खराब रस्त्यावर हळू चालवताना येणारी बारीक ‘टकटक’ मात्र बहुधा लिंक रॉडची, म्हणजे स्टॅबिलायझर बारचं टोक चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या दांड्याची असते. लिफ्टनंतर स्टॅबिलायझर बार खाली वळतो आणि लिंक रॉडचे बॉल तिरके होऊन टोकाला जातात. लिंक रॉड तपासताना गाडी जमिनीवर हवी. एक चाक वर असेल तर रॉड ताणात असतो आणि खराब असूनही घट्ट लागतो. एकाने गाडी आडवी हलवावी, दुसऱ्याने रॉडच्या टोकाला बोटं टेकवावीत. आतला ठोका बोटांना सरळ जाणवतो. (स्प्रिंगच्या वेढ्यांत बोटं घालू नका.) खात्री हवी तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढा, बार तारेने बांधून ठेवा आणि गल्लीत हळू फिरवून बघा. आवाज गेला तर लिंक रॉड किंवा बारला चॅसीशी धरणारे डी-बुश. एकाच बाजूचा काढून निष्कर्ष काढू नका, आणि बार सुटा असताना हायवेला जाऊ नका, गाडी वळणावर फार कलते.

खटखटीऐवजी कर्रकर्र असेल तर पाण्याची स्प्रे बाटली घ्या. एकजण गाडी दाबत असताना एका वेळी एकाच बुशवर पाणी मारा. ज्याच्यावर मारल्यावर आवाज क्षणभर थांबला, तो तुमचा बुश. डी-बुशला सिलिकॉन ग्रीस चालतं. साधं चासीचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबराला लावू नका, रबर फुगून मऊ पडतं.

ब्रेकशी संबंध आहे का तेही बघून टाका. त्याच खराब रस्त्यावर ब्रेक पेडल अलगद दाबून ठेवा. टकटक थांबली तर पॅड किंवा कॅलिपरच्या पिना वाजताहेत, सस्पेंशन नाही. उलट, पुढे-मागे रांगत ब्रेक मारताना दर वेळी एकच ‘धप्प’ येत असेल तर लोअर आर्मचे बुश बघा. आणि नुसतं (ऑटोमॅटिकमध्ये) डी-आर गिअर बदलताना किंवा क्लच सोडताना ‘टंग’ आला तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि स्लिप जॉइंट. उंचीमुळे त्यांचेही कोन वाढलेले असतात, आधी ग्रीस भरा.

स्टिअरिंग फिरवताना आवाज येत असेल तर पुष्कळ मेकॅनिक ‘वरचं बेअरिंग गेलं’ म्हणतात. ते मॅकफर्सन स्ट्रटच्या गाड्यांत खरं. थारमध्ये पुढचा शॉकअप स्टिअरिंगबरोबर फिरतच नाही, त्यामुळे तिथे तसलं बेअरिंग नाही. इथे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड बघायचे. जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावा, म्हणजे स्प्रिंग दबलेली राहते आणि जॉइंटवरचा भार उतरतो. मग टायरखाली पहार घालून उचकटा. उभी हालचाल दिसली तर लोअर बॉल जॉइंट संपला. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. फक्त आडवं हलत असेल तर टाय रॉड एंड. दोन्हीकडे हलत असेल तर कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेकने खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग.

सीव्ही जॉइंटची कटकट पूर्ण वळणावर, जोर लावताना येते. ती तपासायला फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद देऊन) डांबरी रस्त्यावर गोल फिरवू नका. थारला सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर चांगली गाडीसुद्धा अडकत, धक्के देत वळते. मोकळ्या मातीत करा. जॉइंटवरच्या रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासून फाटल्या आणि ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसलं तर चाचणीचीही गरज नाही.

मागच्या बाजूला थोडक्यात: सॉलिड एक्सल आहे, तो आडवा धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडचे बोल्ट आणि लांब आर्मचे बुश बघा. वळणावर किंवा एकच मागचं चाक खड्ड्यात गेल्यावर ‘धड्’ येत असेल तर बहुधा तोच रॉड.

हे सगळं कुठून सुरू करायचं म्हणाल तर मी आधी गाडी चाकांवर उभी ठेवून बोल्ट पुन्हा आवळून घेईन, मग स्पेसरची जागा आणि लोंबकळणीचं माप, मग लिंक रॉड. तुम्ही सांगितलेली लक्षणं असलेल्या बहुतेक गाड्या या तीन टप्प्यांत शांत होतात.

लोअर बॉल जॉइंटला उभा खेळ, तुटलेला स्प्रिंगचा वेढा, किंवा शॉकअप-आर्मचा एखादा बोल्ट गायब, यातलं काहीही दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टो करून न्या. लोअर बॉल जॉइंट सुटला तर चाक त्याच क्षणी आडवं पडतं आणि स्टिअरिंग हातात असून काही करता येत नाही.