४जीवर फोन लॉक करायचा, पण कुठला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही राजापूरकडे गावच्या घरी राहून नोकरी करताय. घरात ४जीच्या दोन काड्या येतात, त्यावर काम निभतं. पण मध्येच कुणाचा कॉल आला की वरच्या पट्टीतलं ४जी जाऊन ‘ई’ येतो आणि कॉल संपला तरी तो ‘ई’ तिथेच ठाण मांडून बसतो. मग एरोप्लेन मोड चालू-बंद करा, मीटिंगमध्ये परत शिरा, तोवर विषय कुठल्या कुठे गेलेला. म्हणून फोन ४जीवर कायमचा अडकवून ठेवता येईल का, असं विचारलंय.

येतो. दोन मिनिटांचं काम आहे. कृती सांगतो, पण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय हात लावू नका. मी हेच आईच्या फोनवर करून तोंडघशी पडलोय.

अँड्रॉइड फोनचा डायलर उघडून *#*#४६३६#*#* टाका. हिरवं बटण दाबायचं नाही, शेवटचा तारा दाबला की ‘टेस्टिंग’ नावाचा मेनू आपोआप उघडतो. त्यात ‘फोन इन्फॉर्मेशन’. दोन सिमं असतील तर वर कुठलं सिम निवडलंय ते आधी बघा, नाहीतर भलत्याच सिमवर प्रयोग होतो. खाली ‘सेट प्रिफर्ड नेटवर्क टाइप’ अशी ओळ दिसेल, तिच्यावर एक लांबलचक यादी उघडते. तिथे ‘एलटीई ओन्ली’ (एलटीई म्हणजेच ४जी) निवडलं की झालं, फोन २जी-३जीकडे ढुंकून बघत नाही. पण हे करण्याआधी तिथे जी निवड होती तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. परत फिरताना त्या यादीतल्या पंचवीस-तीस सारख्या दिसणाऱ्या नावांतून आपलं मूळ नाव आठवत नाही.

प्ले स्टोअरवर ‘फोर्स एलटीई’ छापाची जी ॲप्स मिळतात, ती बहुतेक हाच मेनू उघडून देतात, वर जाहिराती दाखवतात. ‘नेटचा वेग दुप्पट’ वगैरे जे लिहिलेलं असतं ते सोडून द्या. टॉवर जेवढं देतो तेवढंच मिळणार.

आता आईच्या फोनचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गेलो होतो, तिचीही तक्रार तुमच्यासारखीच, ‘मधेच सगळं गोल गोल फिरतं’. मी शहाणपणा करून ‘एलटीई ओन्ली’ लावलं, व्हिडिओ धडाधड चालायला लागले, आई खूश, मी पुण्याला परत. दोन दिवस आम्ही व्हॉट्सॲपवरच बोललो, त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मावशीने मला फोन करून विचारलं, ‘तुझी आई कुठे गेलीय? दोन दिवस कव्हरेज क्षेत्राबाहेर सांगतंय.’ त्या दोन दिवसांत गॅसवाल्याने फोन लावून लावून सिलिंडर परत नेला होता. आईचा फोन जवळजवळ मुका झाला होता आणि नेट मात्र झकास चाललं होतं.

कारण साधं आहे, पण तेच तुमच्या प्रश्नाचं मूळ आहे. ४जीचं जाळं मुळात फक्त डेटासाठी बांधलेलं. त्यावरून बोलायचं तर आवाजसुद्धा डेटाच्या पुडक्यांतून जावा लागतो, त्यालाच व्होल्टी म्हणतात. व्होल्टी चालू नसेल तर कॉल आल्यावर टॉवर फोनला सांगतो, ‘बाबा रे, खाली उतर’, आणि फोन ४जी सोडून जुन्या जाळ्यावर जाऊन कॉल घेतो. कॉल संपल्यावर त्याला परत वर धाडायची सोय टॉवरकडे असते, पण ती सगळीकडे नीट लावलेली नसते. मग फोन आपला आपण ४जी शोधेपर्यंत खालीच रेंगाळतो. पूर्वी खाली ३जी असायचं, तिथे निदान मेल तरी उघडायची. एअरटेलने जून २०१९मध्ये कोलकात्यापासून ३जी बंद करायला सुरुवात केली, आणि ३जी गेलं तिथे आता ४जीवरून घसरलेला फोन थेट २जीवर येतो. तो तुमचा ‘ई’. कागदावर त्याचा वेग ३८४ केबीपीएस, प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी नशीब. त्यावर व्हिडिओ मीटिंग कुठली होणार.

म्हणजे आता गंमत बघा. कॉल आला की तुमचा फोन ‘ई’वर उतरतो, याचाच अर्थ त्या सिमवर व्होल्टी चालत नाहीये. (आणि ते सिम जिओचंही नाही. जिओ सप्टेंबर २०१६मध्ये सुरू झालं तेच निव्वळ ४जीवर, त्यांच्याकडे उतरायला खाली २जी नाहीच.) व्होल्टी चालत नसताना फोन ४जीवर लॉक केलात तर माझ्या आईसारखं होणार. आणि व्होल्टी चालू झालं तर कॉल ४जीवरच येईल, मग लॉकची गरजच उरणार नाही. एकच अपवाद, सिग्नल इतका पडका की बोलता बोलताच फोन ४जीवरून घसरतो. त्याच्याकडे नंतर येतो.

तर आधी व्होल्टीचं बघा. त्याच ‘फोन इन्फॉर्मेशन’च्या पडद्यावर उजवीकडे वर तीन टिंबं असतात, त्यात ‘आयएमएस सर्व्हिस स्टेटस’ (व्होल्टी या आयएमएसवरच चालतं). उघडल्यावर पहिल्या ओळीत ‘रजिस्टर्ड’ आणि ‘व्हॉइस ओव्हर एलटीई’समोर ‘अव्हेलेबल’ असं हवं. ‘नॉट रजिस्टर्ड’ दिसलं तर सिम सेटिंगमध्ये व्होल्टीचं बटण बंद आहे का बघा. आईच्या फोनवर तेवढंच होतं. बटण चालू असूनही रजिस्टर होत नसेल तर सिम बरंच जुनं असू शकतं, दुकानात जाऊन नवं ४जी सिम त्याच नंबरवर घ्या. फोन परदेशातून आणलेला असेल तर आपल्याकडच्या कंपनीचं व्होल्टी त्या मॉडेलवर चालेलच असं नाही. यातलं काहीच नसेल तर कस्टमर केअरला फोन करून ‘माझ्या नंबरवर व्होल्टी प्रोव्हिजन करा’ एवढंच सांगा. ‘नेट स्लो आहे’ असं सांगितलंत तर फोन बंद करून चालू करायला लावतील आणि तक्रार बंद करतील, हे माझ्याशी तीनदा झालंय.

दोन सिमांबद्दल एक राहिलं. मीटिंग एका सिमच्या डेटावर चाललीय आणि कॉल दुसऱ्या सिमवर आला, तरी डेटा थांबतो, कारण फोन एका वेळी एकाच सिमचं काम करतो. त्याचा लॉकशी संबंध नाही. सेटिंगमध्ये ‘कॉल चालू असताना दुसऱ्या सिमचा डेटा वापरा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करा. पण तोही कॉलवाल्या सिमला व्होल्टी असेल तरच नीट चालतो.

आता सिग्नल. काड्यांवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक कंपनीच्या फोनवर त्या वेगळ्या मोजतात. ‘फोन इन्फॉर्मेशन’मध्येच सिग्नलच्या ताकदीचा आकडा डीबीएम या मापात दिसतो, तो घेऊन घरभर हिंडा. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ९५ म्हणजे उत्तम, १०५च्या आसपास कामापुरता, ११५च्या पलीकडे गेलात की लॉक करा नाहीतर काहीही करा, फोन धडपडणारच. आमचं घर चिऱ्याचं, भिंती हातभर जाड. माजघरात उणे ११९, पडवीत १११ आणि माळ्यावरच्या पूर्वेच्या खिडकीत १०२. दहाचा फरक म्हणजे ताकद दहापट, म्हणजे माजघर ते माळा एवढ्या चार पावलांत सिग्नल पन्नासपट वाढला. घाटात टॉवर उभारायला अर्ज-विनंत्या करत बसण्यापेक्षा हे सोपं.

त्यावरून मी जे केलं तेच तुम्ही करा असं सुचवतो. रोजचा फोन ऑटोवर, म्हणजे लॉक न करता, राहू द्या. घरात एखादा जुना, काच तडकलेला ४जी फोन पडलेला असेलच. त्यात ज्या कंपनीचा सिग्नल गावात बरा आहे तिचं वेगळं सिम घाला, तो फोन ‘एलटीई ओन्ली’वर लॉक करा, माळ्याच्या खिडकीत ठेवा आणि हॉटस्पॉट चालू करा. त्या नंबरवर कुणी कॉल करणार नाही, कारण तो कुणाला द्यायचाच नाही. लॉक करायचा तो हा फोन. तुमच्या खिशातल्या फोनवर वायफाय येईल, ४जीपेक्षा तेच जास्त टिकेल. शिवाय कंपनी देत असेल आणि फोनला जमत असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, मग माजघरातूनही स्वच्छ बोलता येतं. एअरटेल-जिओने ही सोय २०१९-२०च्या हिवाळ्यातच आणली, पण सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करणारी माणसं मला अजून विरळाच भेटतात.

हा फोन चोवीस तास चार्जरला लावून ठेवू नका. मी ठेवला होता. एप्रिलमध्ये कौलांखाली माळा तापतो, त्यात हॉटस्पॉटची उष्णता. एक दिवस वर गेलो तर फोनचं मागचं झाकण पुरीसारखं फुगलेलं. बॅटरी फुगली होती, वेळेवर दिसली म्हणून बरं. आता पंधरा रुपयांच्या खुंटीला टांगलेल्या टोपलीत, कौलांपासून खाली, खिडकीच्या वाऱ्यात ठेवतो आणि दुपारी जेवताना तास-दीड तास चार्ज करतो. बाजारात सिग्नल बूस्टर मिळतात त्यांच्या नादी लागू नका. परवान्याशिवाय ते लावणं बेकायदा आहे, आणि त्यातून आजूबाजूच्या वाडीचाही सिग्नल बिघडतो.

लॉकबद्दलच्या दोन-तीन तांत्रिक गोष्टी उडत उडत. काही फोन रीस्टार्ट केल्यावर किंवा अपडेट आल्यावर ही निवड विसरतात, परत करावी लागते. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांवर मेनू उघडतो पण निवड टिकत नाही. आयफोनमध्ये ‘एलटीई’ असा पर्याय दिसतो, पण तो ५जी बंद करण्यापुरता, २जीवर उतरण्यापासून अडवत नाही. पिक्सेल आणि काही नव्या अँड्रॉइड फोनांत ‘अलाऊ २जी’ असं सरळ बटणच आहे. ते मुळात वेगासाठी नाही, २जीमध्ये फोन टॉवरची ओळख तपासत नाही म्हणून बनावट टॉवरपासून बचावासाठी दिलंय. तुमच्या फोनात ते असेल तर लपलेल्या मेनूपेक्षा तेच बरं, कारण २जी बंद ठेवूनही आपत्कालीन कॉलसाठी फोन ते वापरू शकतो.

तुम्ही शेवटी ५जीचंही विचारलंय, तालुक्याला गेल्यावर ‘एनआर ओन्ली’ लावलं तर चालेल का. एनआर म्हणजे ५जी. इथे सिम कुणाचं यावर सगळं आहे. जिओचं ५जी स्वतंत्र आहे, त्याला ४जीचा टेकू लागत नाही, म्हणून जिओवर ‘एनआर ओन्ली’ चालतं. एअरटेलने मोबाइलसाठी मुख्यतः ४जीच्या खांद्यावर बसलेलं ५जी उभारलं. तिथे ‘एनआर ओन्ली’ लावलंत की ४जीचा खांदा गेला, पाठोपाठ ५जीही गेलं आणि समोर ‘नो सर्व्हिस’. मग माणूस ‘टॉवर पडला’ म्हणून दिवसभर वाट बघतो. ‘एनआर/एलटीई’ अशी जोडी यादीत असते, लावायचीच तर ती लावा.

आणि ५जी दिसलं म्हणजे वेग असतोच असं नाही. लहरींचा पट्टा जितका रुंद तितका वेग जास्त. जिओकडे ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०० मेगाहर्ट्झची रुंदी आहे, पण लांब पोचणाऱ्या ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात फक्त १०. गावाकडे दिसणारं ५जी अनेकदा हे दुसरं. भरून वाहणाऱ्या ४जीपेक्षा ते बरं, पण शहरातल्या ५जीसारखं नाही. बरेच जण ‘एनआर ओन्ली’ लावतात त्यामागे वेग नसतोच, ५जीवरचा डेटा रोजच्या दोन जीबीतून कापला जात नाही म्हणून लावतात. त्यात काही चूक नाही, फक्त व्हॉइस रजिस्टर झालंय ना ते आधी बघावं.

सध्या तुम्ही एवढंच करा. आयएमएसच्या पडद्यावर काय दिसतं ते आणि घरातल्या तीन जागांचे डीबीएमचे आकडे, एकदा पहाटे आणि एकदा रात्री नऊला घेतलेली स्पीड टेस्ट, हे सगळं इथे टाका. पहाटे वीस आणि रात्री एक एमबीपीएस निघाला तर सिग्नल ठीक आहे, टॉवरवर गर्दी आहे. मग लॉकचा विषय सोडून गावात दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर दिसतो ते बघू.