थाळीला दचकतो, मग ‘रेफर’ कशाला?

प्रश्न : माझा मुलगा सहा आठवड्यांचा आहे. डिस्चार्जच्या आधी कानांची ओएई तपासणी झाली. डावा कान ‘पास’, उजवा ‘रेफर’. महिन्याने पुन्हा केली, तेच आलं. आता ‘बेरा’ नावाची पुढची तपासणी करून घ्या म्हणतात, त्यासाठी ठाण्याला यावं लागेल. सासूबाई म्हणतात, “थाळी वाजवली की दचकतो, कशाला तान्ह्याला फिरवताय?” यांचं म्हणणं, आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात. थोडं थांबलं तर चालेल का?
– एक आई, ऐरोली

उत्तर : नका थांबू. सासूबाई खोटं बोलत नाहीयेत, दचकत असेलच तो. डावा कान पास आहे ना! थाळीचा आवाज दोन्ही कानांत एकदम जातो, उजव्याची खबर त्यातून लागणार कशी?

ठाण्यात नौपाड्याला मी बावीस वर्षं बाळांचे कान तपासण्याचंच काम करतेय. एक आजी अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. बोलत नव्हता, पण मिक्सर लावला की वळून बघायचा, म्हणून घरचे निर्धास्त. बसायचा कुठे, तर ओट्यावर. ओटा थरथरायचा हो! ऐकू जवळजवळ काहीच येत नव्हतं.

‘रेफर’ म्हणजे ‘पुढे तपासा’, बहिरेपण नव्हे. ओएईत कानात बारीक टिकटिक सोडतात आणि आतल्या कानातून येणारा क्षीण प्रतिसाद मशीन टिपतं. जन्मानंतर एक-दोन दिवस कानात पांढरा चिकट थर किंवा पाणी असलं तरी तो मिळत नाही, म्हणून पहिल्या ‘रेफर’ला मी फारशी घाबरत नाही. दुसऱ्यांदा तेच आलं की मात्र बेरा हवीच. आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का, किती मोठा लागतो, हे त्यात प्रत्येक कानाचं वेगळं कळतं. सुई नाही, दुखणं नाही.

आम्ही १-३-६ धरून चालतो : पहिल्या महिन्यात चाळणी म्हणजे ओएईसारखी प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू. तुमच्याकडे अजून दीड महिना आहे. बोलण्याची वाट बघू नका. ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीला ‘आऽऊ’ करतात. आणि एकाच कानात दोष निघाला, तर मूल बहुधा बोलेल. पण आवाज कुठून आला ते कळणं, गजबजलेल्या वर्गात बाईंचं ऐकणं जड जातं. चांगला कानही अधूनमधून तपासत राहावा लागतो. खर्चाची अडचण असेल तर वांद्र्याला अली यावर जंग ही सरकारी संस्था आहे, तिथे चौकशी करा.

आता खरी कसरत. बेरा झोपेत करतात. ऐरोलीहून येणारी बाळं गाडी दिघ्याला पोचायच्या आत झोपतात आणि माझ्या दारात टक्क जागी! त्याला गाडीत जागं ठेवा, इथे आल्यावर पाजा. त्या दिवशी टाळू भरू नका, तेलाने कपाळावरचे इलेक्ट्रोड, म्हणजे तपासणीच्या वायरींच्या चकत्या, चिकटत नाहीत. कानात तर तेल कधीच नको. आणि सासूबाईंना सांगा, तीट गालावर लावा. कपाळ तेवढं मला मोकळं हवं.