हौसेचे पैसे वहीत आधी लिहा

“महिन्याचं बजेट लिहून काढतो. आठ-दहा दिवस ठरल्याप्रमाणे जातात. मग एखाद्या रविवारी बाहेर खाणं होतं, कधी साडी घेतली जाते, आणि सगळंच फिसकटतं. घर नीट चालवायचं तर हौसमौज सोडूनच द्यायची का?” नाशिकच्या सिडकोत राहणारं एक जोडपं हा प्रश्न घेऊन आलं होतं. समुपदेशनात तो वारंवार येतो, म्हणून ओळख पटणार नाही अशा बेताने त्यांचा हिशोब इथे मांडत आहोत.

नवरा सातपूरच्या कारखान्यात, हातात पगार 36,000. बायको घरी ब्लाऊज शिवते. त्याचे कमीत कमी 5,000, लग्नसराईत जास्त. घरी सासूबाई आणि सातवीतली मुलगी. वही अगदी नीटनेटकी होती. घराचा हप्ता 11,200, सोसायटी 800, वीज आणि गॅस 2,000, मोबाईल-इंटरनेट 900, मुलीची फी आणि रिक्षा 4,600, सासूबाईंची औषधं 1,500, भिशी 2,000, पेट्रोल 2,200, किराणा 6,500, दूध 2,400, भाजी-फळं 2,500. बेरीज 36,600. म्हणजे दर महिन्याला 4,400 उरायला हवेत. प्रत्यक्षात पंचवीस तारखेनंतर भावाकडून उसने घ्यावे लागत.

त्या वहीत हौसेचा रकानाच नव्हता. नवरा म्हणाला, “अगं, मी तुला कधी नाही म्हटलंय का?” तिचं उत्तर होतं, “तुम्ही नाही म्हणत नाही हो, पण घेतलेलं लिहू कुठे?” दुखणं नेमकं इथेच होतं. ज्या खर्चाला वहीत जागा नाही तो थांबत नाही, फक्त लपतो. आणि लपवलेल्या खर्चाला मर्यादा घालता येत नाही.

पहिलं काम दिलं ते मागच्या महिन्याचं बँक स्टेटमेंट छापून आणायचं. फोनवरून केलेल्या, वहीत न आलेल्या रकमा त्यांनी दोन रंगांनी रंगवल्या. जो खर्च आठवतो आणि ज्याचा आनंद झाला तो हिरव्याने. कशाचा होता हे आठवतही नाही, किंवा आठवून काही वाटत नाही, तो लाल. एकूण निघाले 5,200. हिरवे 1,450, लाल 3,750. लाल रंगात काय होतं? टपरीवरचे चहा, घाईत मागवलेलं जेवण, सेल लागला म्हणून घेतलेले डबे. मागवलेल्या जेवणाच्या एका बिलात पदार्थ 320 रुपयांचे होते आणि पॅकिंग, पोहोच, कर धरून 420 गेले होते. जेवण गार आलं होतं, एवढंच दोघांना आठवत होतं. हिरव्यात मात्र मिसळीचा एक रविवार, मुलीच्या रंगपेट्या आणि सासूबाईंना पंचवटीत काळारामाच्या दर्शनाला रिक्षाने नेलं ते भाडं.

हे दोन रंग घालण्याआधी बजेट आखू नये असं आमचं ठाम मत आहे. नाहीतर काटछाट नेमकी हिरव्यावर होते. ती रक्कम एकेका वेळी मोठी असल्याने डोळ्यांत भरते, आणि लाल तसाच झिरपत राहतो.

मग हौसेचे 1,800 ठरवले. घराची हौस 800, नवरा 300, बायको 300, मुलगी 200, सासूबाई 200. मिळकतीच्या साडेचार टक्क्यांच्या आत. साधारण 3 ते 5 टक्के हा आकडा बहुतेक घरांना झेपतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर 2 टक्क्यांवर आणावा, पण शून्य करू नये. शून्य फार तर दोन महिने टिकतं आणि तिसऱ्या महिन्यात मोठा खड्डा पाडून जातं. उरलेल्या 2,600 मधले 1,400 सणावारासाठी: दिवाळी 7,000, शाळेची पुस्तकं-गणवेश 4,300, आहेर 4,000, दुचाकीचा विमा 1,500, असे वर्षाचे 16,800 भागिले बारा. राहिलेले 1,200 अडीअडचणीच्या खात्यात. शिवणकामाचे जास्तीचे पैसे आले तर तेही तिथेच. लग्नसराईच्या भरवशावर हौस वाढवली की पावसाळ्यात ती कमी करताना चिडचिड होते.

पगाराच्या दिवशी हौसेचे पैसे रोख काढायचे, दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटांत, आणि पाच पाकिटं करायची. फोनवरून दिलेले चाळीस रुपये हाताला जाणवत नाहीत. पाकिटातली शेवटची पन्नासची नोट जाणवते. माणशी पाकिटाचा एकच नियम: कुठे गेले हे कुणी विचारायचं नाही.

पहिल्याच महिन्यात घराचं पाकीट पहिल्या रविवारी संपलं. नणंद आली, सगळे गंगापूर रोडला मिसळ खायला गेले, वर जिलेबी आणि ताक. म्हणून पुढच्या महिन्यापासून 800 चे तीन भाग केले: एक मोठी हौस 550 ची, दोन छोट्या 125 च्या, आणि मोठी पगारानंतरच्या दुसऱ्या रविवारी. पाहुणे आले तर मिसळ घरी. पाव किलो मटकी शुक्रवारी रात्री भिजत घालायची, शनिवारी सकाळी फडक्यात बांधायची, रविवारी सकाळपर्यंत चांगले मोड येतात. कांदा-खोबरं भाजून वाटण, घरचा काळा मसाला, तर्रीला तेल जरा सढळ. फरसाण मात्र त्याच दिवशी आणावं, आठवडाभर उघडं राहिलेलं मऊ पडतं आणि मग बाहेरच्यासारखी चव नाही म्हणून सगळे नाराज. पाव, पापड, लिंबू धरून पाच जणांचं 200 च्या आसपास होतं. छोट्या हौशीसाठी द्राक्षांच्या दिवसांत गाडीवरचे सुटे मणी घ्यावेत. घडापेक्षा बरेच स्वस्त आणि गोडीला कमी नाहीत. फक्त घरी आणल्यावर फुटलेले लगेच निवडून काढावेत.

खरी अडचण बायकोच्या पाकिटाची होती. दुसऱ्या महिन्यात तिचे 300 किराण्यात गेले. तेल संपलं होतं, पैसे समोर होते. वरवर हा समजूतदारपणा दिसतो, पण आधीच्या वर्षी हप्त्याने घेतलेली 2,800 ची साडी याच वाटेने आली होती. महिनोन्महिने स्वतःसाठी काहीच नाही, आणि मग एका दुपारी सगळ्याची भरपाई. म्हणून तिला स्पष्ट सांगितलं: ताई, हे पैसे खर्च करा किंवा पुढच्या महिन्यासाठी ठेवा, पण घरखर्चात घालायचे नाहीत. तेल कमी पडलं तर किराण्याची रक्कम चुकली आहे, ती नवऱ्यासोबत बसून दुरुस्त करा. त्यांनी किराणा 6,800 केला आणि वाढलेले 300 पेट्रोलमधून काढले; आठवड्यातून तीन दिवस नवरा शेजाऱ्याच्या गाडीवर कामाला जाऊ लागला. आता ती दर शुक्रवारी गजरा घेते, बाकीचे साठवते.

नवऱ्याला 300 पुरत नव्हते, कारण टपरीवर मित्रांचेही पैसे तोच द्यायचा. त्याने आळीपाळीने द्यायचं ठरवलं. बोलायला जड गेलं, पण मित्रांना ते खटकलं नाही. चौथ्या महिन्यात लाल रंगाची रक्कम 900 वर आली आणि उसनवारी थांबली.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. स्टेटमेंट रंगवताना घरातल्या कुणी कर्जाच्या अॅपचे हप्ते लपवलेले सापडले, किंवा खरेदी केल्याशिवाय झोपच लागत नाही असं कुणी म्हणालं, तर पाकिटांनी काम होणार नाही. आधी कर्जाची पूर्ण यादी करा: कुणाचं, किती, व्याज किती, शेवटचा हप्ता कधी. ती घेऊन दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जा. अस्वस्थपणा असेल तर डॉक्टरांनाही भेटा, आणि हौसेची पाकिटं त्यानंतर करा.