गाठ निघाली ना, मग रेडिएशन कशाला?

वृषणाच्या कॅन्सरचे पेशंट तसे कमीच, पण जे येतात ते बहुतेक ऐन तरुण, आणि खुर्चीत टेकल्या टेकल्या जवळपास सगळे हेच विचारतात. ऑपरेशन झालं, गाठ अख्खी निघाली, रिपोर्टवर स्टेज वन, म्हणजे कॅन्सर वृषणाबाहेर पसरलेला दिसत नाही, स्कॅनमध्ये काही नाही, मग आता रेडिएशन कशाला, डॉक्टर काहीतरी लपवतायत का? मी समुपदेशक, म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

सचिन म्हणू त्याला, नाव बदललंय. वय एकोणतीस, दुधाचा टेम्पो चालवतो. सेमिनोमा नावाचा प्रकार, एक वृषण काढलेलं. रेडिएशनच्या प्लॅनिंगची तारीख त्याने चुकवली म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

"डॉक्टर म्हणाले नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं, एक केमोचं इंजेक्शनही चालतं, रेडिएशनही चालतं. सगळंच चालतं म्हणजे त्यांनाच माहीत नाही ना मॅडम?"

हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. पर्याय दिला की लोकांना तो मान वाटत नाही, शंका वाटते. मी त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं. आईच्या पोटात असताना वृषणं किडनीजवळ तयार होतात आणि मग खाली उतरतात, पण त्यांच्या लसिकावाहिन्या (शरीरातला लसिका नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) तिथेच वर जोडलेल्या राहतात, म्हणून कॅन्सरच्या पेशी निसटल्या तर आधी पोटात मागच्या बाजूच्या लसिकागाठींमध्ये जाऊन बसतात. इतक्या बारीक की स्कॅनला दिसत नाहीत. ऑपरेशन खाली आणि रेडिएशन पोटाला, याचं कारण हे. ऑपरेशननंतर काहीच नाही घेतलं तर साधारण पाच-सहा जणांत एकाला कॅन्सर परत येतो, बाकीच्यांना रेडिएशनची गरजच नसते, फक्त तो एक कोण ते आधी सांगता येत नाही. म्हणून हल्ली बरेच डॉक्टर नुसतं लक्ष ठेवणंच पसंत करतात, पण त्यासाठी काही वर्षं तपासण्या वेळेवर व्हायला हव्यात, आणि सचिनने पहिलीच रक्ततपासणी बुडवलेली. केमो नको हे त्याने स्वतःच सांगितलेलं.

"रेडिएशन घेतलं की गॅरंटी?"

"नाही. शंभरात तीन-चार जणांना तरी परत येतो. पण आला तरी बहुतेकदा बरा होतो. कुठलाही रस्ता घेतला तरी शंभरातले नव्व्याण्णव वाचतात."

त्याने मान हलवली, सगळं समजलं म्हणाला, आणि पुढची तारीखही चुकवली.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांच्या शाळेतली. माणूस घटनेचा काय अर्थ लावतोय तिकडे माझं लक्ष आधी जातं, आणि माहिती देऊनही माणूस हलत नसेल तर प्रश्न माहितीचा नसतो एवढं इतक्या वर्षांत मला कळलंय. पुढच्या भेटीत मी कॅन्सरचा विषयच काढला नाही.

"समजा उद्या रेडिएशन सुरू झालं. नेमकं काय वाईट होईल?"

बराच वेळ तो चप्पलच बघत होता. मग म्हणाला, "घरी कळेल."

"घरी माहीत नाही?"

"बायको माहेरी आहे, सातवा चालू आहे. मी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय. टाके पण जांघेतच आहेत, कुणाला शंका नाही आली. फक्त दादाला माहितीय. आता सांगा मॅडम, हर्नियाला कोण रेडिएशन देतं?"

इथे मला सगळं दिसलं. डॉक्टर लपवतायत असं वाटणारा माणूस स्वतःच लपवत होता. त्याला रेडिएशनची भीती नव्हतीच, खोटं उघडं पडण्याची होती. अशा वेळी समुपदेशकाने सल्ला द्यायची घाई करू नये, मी गप्प बसले आणि मग तोच बोलत सुटला, सासरे काय म्हणतील, अर्धाच पुरुष राहिला म्हणतील, बायकोला फसवल्यासारखं वाटेल, आणि बाळ झालं की अंगातल्या किरणांमुळे त्याला हात लावता येणार नाही.

मी दोन ढीग केले. बाळाचं पडताळून बघता येतं आणि ते साफ चूक आहे. बाहेरून मशीनने दिलेलं रेडिएशन मशीन बंद झालं की संपतं, अंगात काही राहत नाही, त्याच संध्याकाळी बाळ मांडीवर घेता येतं. अर्धा पुरुष हेही चूक, एक वृषण बहुतेकांना हार्मोन्सना पुरतं.

बायकोचं वेगळं. "ती चिडेल, कदाचित खूप चिडेल. पण ती चिडली तर मला सहनच होणार नाही, हे कशावरून?"

"दोन वर्षांत बऱ्याचदा चिडलीय की," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

हे वाक्य त्याचं त्यालाच सापडलं, मी फक्त प्रश्न विचारला होता. (आमच्या कामातला आनंद म्हणाल तर हाच.) दादाला घेऊन तो सासरी गेला. बायको आजारावर चिडली नाही, "दादांना सांगितलंत आणि मला नाही?" यावर चिडली. दोन-तीन दिवस अबोला, मग तिनेच विचारलं मशीन कधी आहे.

दहा सिटिंग झाली, आठवड्यात पाच, एकूण 20 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप). घशाच्या कॅन्सरला 60-70 ग्रे देतात, त्या मानाने हे थोडं, कारण सेमिनोमाला रेडिएशन चटकन लागू पडतं. मळमळ झाली, थकवा आला, उलटीची गोळी आधी घेतली की बरं वाटायचं. केस गेले नाहीत, डोक्याला रेडिएशन नव्हतंच.

तुम्ही यातून जात असाल तर सुरू करण्याआधी दोन गोष्टी लाज न बाळगता विचारा, वीर्य साठवून ठेवायचं का, आणि उरलेल्या वृषणाला शिल्ड, म्हणजे किरण अडवणारं झाकण, लावणार का. मुलाचा विचार पुढे किती थांबून करायचा तेही विचारा. बऱ्याच वर्षांनी दुसरा कॅन्सर होण्याचा धोका थोडा वाढतो, हेही डॉक्टरांकडून स्पष्ट ऐकून घ्या आणि मगच ठरवा. आणि रेडिएशन झालं म्हणून तपासण्या सोडायच्या नाहीत, ते पोटाच्या ठरावीक भागाला दिलेलं असतं, छातीत किंवा ओटीपोटात काही येतंय का ते बघावंच लागतं. सचिनच्या तारखा आता बायकोच्या मोबाईलमध्ये आहेत, एकही चुकलेली नाही.